जागल्याचा वकील

जुन्या गावगाड्यात जागल्या रात्रीची गस्त घालायचा. चोरी झाली तर चोराचा माग काढायचे कामही त्याचेच. पावलांच्या खुणा शेजारच्या गावच्या शिवेपर्यंत नेऊन दाखवल्या, की पुढचा माग त्या गावच्या राखणदाराने घ्यायचा. खुणा आपल्याच शिवारात हरवल्या, तर नुकसानीचा भार राखणदारावर आणि गावावर. पेशवाई संपल्यावर एल्फिन्स्टनने दख्खनबद्दल जो अहवाल लिहिला, त्यात ही पद्धत नोंदलेली आहे. या जागरणाबद्दल जागल्याला गावाकडून धान्याचा वाटा मिळे. सरकारी पैशातला घोळ आतून पाहून तो बाहेर सांगणाऱ्या माणसाला काय म्हणावे, हा प्रश्न पडला तेव्हा मराठी वर्तमानपत्रांनी हाच शब्द झटकून पुन्हा वापरात आणला. इंग्रजीने शिट्टी घेतली होती, मराठीने जागरण घेतले. निवड मला पसंत आहे. फक्त शब्दाबरोबर वाटा आला नाही, आणि शिवेवर माग कोणी उचलायचा हेही ठरले नाही. पुढचे लेख त्या शिवेवर उभ्या असलेल्या वकिलाबद्दल आहेत.

सनद नुकतीच हातात पडलेल्या, उरणला, पेणला, अलिबागला किंवा श्रीवर्धनला कुणा ज्येष्ठाच्या हाताखाली तारखा घ्यायला लागलेल्या तरुण वकिलांसाठी हे लेख एकत्र केले आहेत. त्यांचे मनापासून स्वागत. आणि लगेच एक कबुली: तुम्ही ज्या विषयात पाऊल टाकता आहात त्याला आपल्याकडे स्वतःचा चालता कायदा नाही. छापलेला आहे. जागल्यांच्या संरक्षणाचे विधेयक लोकसभेने डिसेंबर २०११ मध्ये आणि राज्यसभेने फेब्रुवारी २०१४ मध्ये मंजूर केले. ९ मे २०१४ ला राष्ट्रपतींची सही झाली. हा कायदा अमलात कधी येणार ती तारीख सरकारने राजपत्रात जाहीर करायची होती. ती तारीख उजाडलेली नाही. २०१५ मध्ये दुरुस्तीचे विधेयक आले, लोकसभेतून पार पडले आणि राज्यसभेत बारगळले. परीक्षेत या कायद्यावर प्रश्न येऊ शकतो, कोर्टात त्याच्यावर बोट ठेवून काही मागता येत नाही.

त्यामुळे या विषयावरची बाहेरची पुस्तके वाचून आपला तरुण वकील आधी हरखतो आणि मग खचतो. अमेरिकेत १८६३ मध्ये, यादवी युद्ध पेटलेले असताना, फौजेला निकृष्ट माल विकणाऱ्या ठेकेदारांसाठी एक कायदा झाला. सरकारची फसवणूक ठाऊक असलेला कोणीही खाजगी माणूस सरकारच्या वतीने दावा लावू शकतो. दावा काही काळ सीलबंद राहतो, त्या अवधीत सरकार तपास करून आपण त्यात उतरायचे की नाही हे ठरवते. नुकसानीच्या तिप्पट वसुली होऊ शकते, आणि वसूल रकमेतला १५ ते ३० टक्के वाटा जागल्याला मिळतो. रॅनबॅक्सीच्या औषधांच्या चाचण्यांमधली बनवाबनवी उघड करणारे दिनेश ठाकूर हे आपल्या ओळखीचे उदाहरण. कंपनीने २०१३ मध्ये ५० कोटी डॉलर भरून प्रकरण मिटवले, त्यातले सुमारे ४.८ कोटी डॉलर ठाकुरांच्या वाट्याला आले. जागल्याच्या वाट्यातून वकिलाची फी निघते, म्हणून तिथे या एकाच कामावर चालणाऱ्या वकिलांच्या पेढ्या आहेत. तिथला वकील पक्षकाराला सांगतो, दावा तुमच्या नावाने लागेल. अलिबागच्या वकिलाला सांगावे लागते, तुमचे नाव घेऊ नका, माझ्या डायरीतही नको.

या उलटेपणातून आपल्याकडच्या वकिलीची सगळी रीत निघाली आहे. इथला जागल्याचा वकील माणूस आणि कागद एकमेकांपासून सोडवतो. कागद उजेडात जायला हवा, माणूस अंधारात सुखरूप राहायला हवा, आणि एकाच्या मागावरून दुसऱ्यापर्यंत पोचता येऊ नये. पुढे जे काही येणार आहे ते याच एका कसबाबद्दल आहे.

हे कसब कशासाठी लागते, हे समजायला शंभराहून अधिक वर्षे मागे जावे लागेल. मुंबईचे पहिले म्युनिसिपल कमिशनर आर्थर क्रॉफर्ड यांचे नाव मंडईमुळे सगळ्यांना ठाऊक आहे. पुढे ते मध्य विभागाचे कमिशनर झाले, आणि मामलेदारांच्या नेमणुका, बढत्या आणि बदल्यांसाठी पैसे घेतात असा त्यांच्यावर १८८८ मध्ये आरोप आला. पैसे ज्यांच्यामार्फत घेतले जात, असे म्हणणे होते, त्या हणमंतरावांना शिक्षा झाली. पण साहेबाविरुद्ध पुरावा द्यायचा तर ज्यांनी पैसे दिले त्या मामलेदारांनीच बोलायला हवे होते. लॉर्ड रे यांच्या मुंबई सरकारने त्यांना अभय दिले: खरे सांगा, तुमची नोकरी जाणार नाही. मामलेदार बोलले. चौकशी आयोगाने क्रॉफर्डना लाचेच्या आरोपातून मोकळे केले, हाताखालच्या लोकांकडून कर्ज काढल्याचा ठपका मात्र ठेवला, आणि त्यांची नोकरी संपली. त्यानंतर आरडाओरडा सुरू झाला तो साहेबाबद्दल नव्हे. लाच दिल्याची स्वतःच कबुली दिलेली माणसे न्यायदंडाधिकाऱ्याच्या खुर्चीत कशी बसू शकतात, हा तो प्रश्न. तो विलायतेच्या पार्लमेंटात विचारला गेला आणि सरकारने दिलेला शब्द पातळ झाला. साक्षीदारांना खटल्यांपासून वाचवण्यासाठी १८८९ मध्ये खास कायदा करावा लागला, तरी काही मामलेदारांच्या नोकऱ्या गेल्याच. टिळकांनी या मामलेदारांची बाजू उचलून धरली, पुण्यात त्यांच्यासाठी सभा झाली. टिळकांचे म्हणणे साधे होते. सरकारने वचन दिले आहे, ते सरकारने पाळावे.

माझ्या मते आपल्या विषयाचा पहिला धडा हाच आहे, आणि तो मला कोणी शिकवला नाही. वरिष्ठांनी तोंडी दिलेले अभय वकिलाने शून्य धरावे. लेखी दिलेले असेल तर ते देणाऱ्याला तसे देण्याचा अधिकार होता का, ते पाहावे. आणि जागल्याचे हात नेहमी स्वच्छ असतीलच असे मानू नये. घोळ ज्याला आतून ठाऊक असतो, तो बहुधा त्या घोळात कुठेतरी सही करून बसलेला असतो. ही सही पहिल्याच भेटीत विचारून घ्यायची. लाजेने ती लपवली गेली, तर समोरचा वकील ती उलटतपासणीत काढतो.

त्याच्याही आधीचा, १८८२ मधला, एक धडा थोडक्यात सांगण्यासारखा आहे. कोल्हापूरच्या तरुण महाराजांच्या छळाबद्दल ‘केसरी’ आणि ‘मराठा’ या पत्रांनी लिहिले. त्याला आधार म्हणून जी पत्रे हाती आली होती, ती बनावट निघाली. दिवाण बर्व्यांच्या अब्रुनुकसानीबद्दल टिळक आणि आगरकर डोंगरीच्या तुरुंगात १०१ दिवस राहिले. हेतू निर्मळ होता, कागद खोटा होता. कोर्टाला हेतू वाचता येत नाही.

आता रायगडकडे. या जिल्ह्याचे जुने नाव कुलाबा. १ जानेवारी १९८१ पासून तो रायगड झाला, आणि ते नाव देणारे मुख्यमंत्री याच किनाऱ्यावरचे होते: सावित्रीच्या खाडीकाठच्या, म्हसळा तालुक्यातल्या आंबेतचे बॅरिस्टर अब्दुल रहमान अंतुले. त्याच वर्षी ऑगस्टअखेर ‘इंडियन एक्सप्रेस’मध्ये अरुण शौरींचा लेख आला. तेव्हा सिमेंटवर नियंत्रण होते. बांधकाम करणाऱ्याला सिमेंट कोट्याने मिळे, आणि कोटा मंत्रालयातून सुटे. कोटा हवा असणाऱ्यांनी मुख्यमंत्र्यांशी निगडित विश्वस्त निधींना देणग्या दिल्या, असे ते प्रकरण. मुंबई उच्च न्यायालयात प. बा. सामंत आणि इतरांच्या याचिकेवर न्या. बख्तावर लेंटिन यांनी १२ जानेवारी १९८२ ला निकाल दिला. देणग्या आणि सिमेंटचे वाटप यांचा परस्परसंबंध त्यांनी मान्य केला, आणि अंतुल्यांनी राजीनामा दिला.

वर्तमानपत्रांच्या दृष्टीने गोष्ट तिथे संपली. वकिलांच्या दृष्टीने ती तिथे सुरू होते. भाजपचे मुंबईतले नेते रामदास नायक यांनी ऑगस्ट १९८२ मध्ये विशेष न्यायाधीशांपुढे फिर्याद दाखल केली. त्यांच्या बाजूने राम जेठमलानी उभे राहिले. बचावाचा एक मुद्दा असा होता की, लाचलुचपतीच्या गुन्ह्यात तपास कोणी करायचा, किती वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा, हे कायद्याने बांधून दिले आहे. मग पोलिसांना बाजूला ठेवून कोणी खाजगी माणूस थेट न्यायाधीशापुढे कसा येतो? सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींनी १६ फेब्रुवारी १९८४ ला हा मुद्दा फेटाळला. न्या. देसाई यांनी लिहिलेल्या निकालाचा गाभा असा: फौजदारी कायदा कोणीही हलवू शकतो, गुन्हा समाजाविरुद्ध असतो, त्यामुळे तक्रार करायला स्वतःचे नुकसान झालेले असावे लागत नाही, अपवाद करायचा तर तो कायद्यात स्पष्ट लिहिलेला हवा. आज देशात कुठेही नागरिकाने मंत्र्याविरुद्ध फिर्याद केली, की ‘अंतुले विरुद्ध रामदास श्रीनिवास नायक’ हे नाव उच्चारले जाते. ज्यांनी जिल्ह्याला नाव दिले, त्यांचेच नाव नागरिकाच्या या हक्काला चिकटले. म्हसळ्याच्या कुठल्याही चहाच्या टपरीवर अंतुल्यांची आठवण मात्र वेगळी निघेल: निराधारांचे पगार, रस्ते, खाडीवरचा पूल. दोन्ही आठवणी खऱ्या आहेत, आणि या किनाऱ्यावर वकिली करणाऱ्याला दोन्ही ठाऊक हव्यात, कारण साक्षीदार दुसऱ्या आठवणीतून येतात.

त्या खटल्याचे पुढे काय झाले तेही वाचून ठेवा. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खटला विशेष न्यायाधीशाकडून काढून उच्च न्यायालयाकडे दिला. १९८८ मध्ये त्याच न्यायालयाच्या सात न्यायमूर्तींनी बहुमताने सांगितले की तो आदेशच चुकीचा होता. आरोपीचा अपिलाचा एक टप्पा त्याने हिरावला होता. मग खटला किती लांबू शकतो, या प्रश्नावर डिसेंबर १९९१ मध्ये याच नावाचा तिसरा मोठा निकाल आला. जलद न्यायाच्या हक्काचा तो आजही पाया आहे. एका माणसाच्या एका खटल्यातून घटनात्मक कायद्याचे तीन खांब उभे राहिले, आणि शिक्षा झाली नाही. अंतुले पुढे केंद्रात मंत्री झाले. नायक यांची ऑगस्ट १९९४ मध्ये वांद्र्याला गोळ्या घालून हत्या झाली. हा क्रम मी कुठल्याही निष्कर्षासाठी मांडत नाही. पक्षकार पहिल्या भेटीत विचारतो, ‘साहेब, केस जिंकू ना?’ त्याला उत्तर देण्यापूर्वी हा क्रम तुमच्या डोळ्यासमोर असावा.

१९८४ च्या निकालाचा खरा उपयोग मला बऱ्याच उशिरा कळला. तक्रारदार कोणीही चालतो, याचा अर्थ तक्रारदार जागल्याच असायला हवा असे नाही. आतल्याने बोट दाखवायचे, बाहेरच्याने मागायचे, आणि मधे कोणताही धागा राहू द्यायचा नाही. २००५ चा माहितीचा अधिकार हातात आल्यावर ही पद्धत पक्की झाली. (महाराष्ट्राने स्वतःचा कायदा त्याआधीच, २००२ मध्ये केला होता, अण्णा हजारेंच्या आंदोलनांचा त्यात मोठा हात.) अर्जदाराने माहिती कशासाठी हवी हे सांगायचे नसते. दहा रुपयांचा अर्ज, दोन रुपये पान, आणि मिळते ती प्रमाणित प्रत. आतल्या माणसाने लपूनछपून काढलेल्या झेरॉक्सपेक्षा या प्रतीची किंमत कोर्टात कितीतरी जास्त.

चोरलेला कागद पुरावा होतच नाही असे नाही. मुंबईच्या कॉरोनरने लाच मागितल्याचे फोनवरचे बोलणे पोलिसांनी ध्वनिमुद्रित केले, तो पुरावा सर्वोच्च न्यायालयाने १९७२ मध्ये मलकानी प्रकरणात मान्य केला; राफेलच्या कागदपत्रांबाबत २०१९ मध्ये पुन्हा तेच झाले. पुरावा कसा मिळाला यापेक्षा तो संबंधित आहे का, एवढेच न्यायालय पाहते. पण कागद वाचला म्हणून कागद आणणारा वाचत नाही. उमेदवारीच्या काळात माझ्याकडे एका कार्यालयातला कारकून भर पावसात रेनकोटच्या आत मूळ टिपण्या घेऊन आला होता. मी त्या हावरटासारख्या वाचल्या आणि ठेवूनही घेतल्या. आठवड्याभरात नस्तीतून पाने गहाळ झाल्याची नोंद झाली, कारणे दाखवा नोटीस निघाली, आणि घोळाची चौकशी बाजूला राहून पानांच्या चोरीची सुरू झाली. ती चूक कारकुनाची नव्हती. तेव्हापासून मी सांगत आलो आहे: कागद आणू नका, कागदाचा पत्ता आणा. नस्ती क्रमांक, तारीख, कोणते टेबल, कोणाचा शेरा, आवक-जावक नोंदवहीतला क्रमांक. एवढ्यावर बाहेरच्या माणसाचा अर्ज अचूक लिहिता येतो. त्यातही एक काळजी घ्यावी लागते. अर्ज फार अचूक झाला, तर आतून कोणीतरी सांगितल्याशिवाय हे सुचलेच नसते, हे साहेबाला लगेच कळते. म्हणून हव्या असलेल्या एका नस्तीबरोबर आसपासच्या आठ-दहा नको असलेल्याही मागायच्या. पाने वाढतात, दोन रुपयांप्रमाणे खर्च वाढतो. तो खर्च पक्षकाराला आनंदाने करायला लावा.

किनाऱ्यावरचे एक काम घेऊ. खाडीचे पाणी भाताच्या शेतात शिरू नये म्हणून घातलेले खारबंदिस्तीचे बांध आणि त्यांच्या उघाड्या आपल्याकडे गावोगाव आहेत. बांधाला खांड पडते, दुरुस्ती निघते, बिल होते. बिलाचा आधार मोजमाप पुस्तिका: इतके ब्रास मुरूम, इतके ब्रास दगड. पुढच्या उधाणात बांध पुन्हा फुटला, की पुस्तिकेतले दगड आणि खाडीतले दगड यांचा ताळा घालणार कोण? सरकारी पैसा नाहीसा करायला समुद्रासारखा साक्षीदार नाही, तो सगळे पाहतो आणि पुरावा घेऊन जातो. पण त्याचे वेळापत्रक असते. समजा, बांधाच्या पायथ्याची पाहणी अमुक तारखेला दुपारी बारा वाजता केली असा पंचनामा आहे, आणि ती तारीख अमावास्येची आहे. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा हिशेब आपल्या कोळीवाड्यातले पोरही तोंडी करते. अमावास्येला भर दुपारी पायथा पाण्याखाली असणार. कार्यालयात बसलेल्या कनिष्ठ अभियंत्याला हे ठाऊक असते, त्याने नुसती तारीख सुचवायची. पंचांग आणि भरती-ओहोटीचे तक्ते सार्वजनिक आहेत, पंचनामा अर्जाने मिळतो, अभियंत्याचे नाव कुठेच येत नाही. शिवाय माहितीच्या अधिकारात कागदच मागता येतो असे नाही, कामाची पाहणी करता येते आणि साहित्याचे प्रमाणित नमुनेही घेता येतात. हे कलम जवळजवळ कोणी वापरत नाही.

मोठ्या पटावर हेच रायगडात घडून गेले आहे. कर्जत तालुक्यातले उल्हास नदीवरचे कोंढाणे आणि पेण तालुक्यातले बाळगंगा ही धरणे २०११-१२ नंतर राज्यभर गाजली. अंजली दमानिया यांनी बाहेरून कागद मागितले. प्रवीण वाटेगावकर जनहित याचिका घेऊन उच्च न्यायालयात गेले. नागपूर खंडपीठात जनमंच ही संस्था गेली. आत होते ते मुख्य अभियंता विजय पांढरे. सिंचनाच्या कामांचे फुगवलेले खर्च आणि निकृष्ट दर्जा याबद्दल त्यांनी २०१२ मध्ये थेट वरपर्यंत पत्रे लिहिली, आणि लिहिली ती स्वतःच्या सहीने. माझ्या रीतीच्या पूर्ण विरुद्ध असलेला हा माणूस, आणि मला त्यांच्याबद्दल आदरच आहे. पण पांढरे मुख्य अभियंता होते, निवृत्ती हाकेच्या अंतरावर होती. तेच पत्र पेणच्या उपविभागातल्या शाखा अभियंत्याने लिहिले असते तर काय झाले असते, हे वकिलाने स्वतःला विचारावे. बाळगंगेच्या कामाबाबत लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने ऑगस्ट २०१५ मध्ये गुन्हा नोंदवला. पत्रे लिहिल्यापासून तीन वर्षांनी. गुन्हा नोंदणे आणि सिद्ध होणे यांतले अंतर तर त्याहून कितीतरी मोठे.

शिवाय १९८४ ने उघडलेले दार २०१८ मध्ये अर्धे लोटले गेले. भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्यात कलम १७-अ आले. अधिकाऱ्याने पदावरून घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर पोलिसांना आधी सरकारची परवानगी लागते. ज्याची चौकशी, त्याच्याच घराला विचारायचे. या कलमावरचा लेख पुस्तकात सर्वांत लांब आहे, आणि त्याची कारणे वाचताना कळतील.

पक्षकार केंद्राचा की राज्याचा, हा प्रश्न रायगडात फार लवकर येतो. न्हावा-शेव्याचे बंदर, थळचा खत कारखाना, उरणचा तेल-वायू प्रकल्प ही केंद्राच्या अखत्यारीतली ठिकाणे. तिथल्या माणसासाठी २१ एप्रिल २००४ चा केंद्राचा ठराव आहे. त्यामागे सत्येंद्र दुबे यांचे रक्त आहे. राष्ट्रीय महामार्गाच्या कामातला गैरव्यवहार या तरुण अभियंत्याने पंतप्रधान कार्यालयाला कळवला, नाव गुप्त ठेवा अशी विनंती केली; पत्र नावासकट टेबलांवरून फिरले, आणि २७ नोव्हेंबर २००३ ला गयेत त्यांची हत्या झाली. ठरावानुसार तक्रार केंद्रीय दक्षता आयोगाकडे बंद लिफाफ्यात पाठवायची. लिफाफ्यावर ती जनहितार्थ प्रकटन असल्याचे लिहायचे, पाठवणाऱ्याचे नाव बाहेर कुठेही नाही, आत मात्र नाव-पत्ता हवाच, निनावी तक्रार घेतली जात नाही. माणूस आणि कागद वेगळे करण्याची सरकारने स्वतः मान्य केलेली ही एक जागा. तलाठी, बांधकाम खात्याचा अभियंता यांच्यावर हे छत्र नाही, आणि आपल्याकडे येणारे बहुतेक जण त्यांच्यातलेच असतात.

त्यांच्यासाठी लढायचे ते नोकरीच्या कायद्यात. ही बाजू रुक्ष वाटते, पण या वकिलाचे निम्मे आयुष्य तिथे जाते. जागल्याला कोणी जागल्या म्हणून शिक्षा करत नाही. त्याची बदली होते, त्याच्या गोपनीय अहवालातले शब्द बदलतात, जुन्या रजेच्या हिशेबावरून विभागीय चौकशी लागते. मग मुंबईला महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणापुढे, म्हणजे मॅटपुढे जायचे. बदल्यांच्या २००५ च्या कायद्याने तीन वर्षांचा सर्वसाधारण कार्यकाळ दिला आहे आणि मुदतीआधी हलवायचे तर कारणे लेखी नोंदवायला लावली आहेत. त्या कायद्याचे कलम ४ पाठ हवे. मॅटमध्ये ‘माझा पक्षकार प्रामाणिक आहे’ असे कधीही म्हणू नका. ‘कारणे नोंदवलेली नाहीत’ एवढेच म्हणा. अर्ज मंजूर होतो तो याच वाक्यावर, आणि पक्षकाराचे गुपितही राहते.

वाट्याचा प्रश्न मी सुरुवातीला काढला होता. त्याला या किनाऱ्यावर एक अपवाद आहे, सीमाशुल्काचा खबरी. जप्त मालाच्या विक्रीतून २० टक्क्यांपर्यंत बक्षीस त्याला मिळू शकते. तस्करी पकडून देणाऱ्याला वाटा आणि तिजोरीतली चोरी पकडून देणाऱ्याला बदली, असा आपला हिशेब. तोही दर वेळी चालत नाही. जानेवारी १९९३ मध्ये दिघीला तस्करीचा माल उतरला. गोंडघर फाट्यावर पोलिसांनी गाड्या अडवल्या आणि लाचेची रोख हाती नव्हती म्हणून चांदीच्या विटा तारण ठेवून घेऊन सोडल्या. फेब्रुवारीत शेखाडीला आरडीएक्स उतरले. १२ मार्चला मुंबईत बॉम्बस्फोटांत २५७ माणसे मेली. विशेष न्यायालयाने ज्यांना दोषी ठरवले, त्यांत पोलीस होते आणि सीमाशुल्काचे अधिकारीही होते. श्रीवर्धनच्या वकिलाला या विषयाचे महत्त्व पटवून द्यायला मला दुसरे उदाहरण लागत नाही. त्या रात्री फाट्यावर किती जण होते, आणि त्यांतला एक जरी दुसऱ्या दिवशी एखाद्या वकिलाच्या दारात गेला असता तर वकिलाने त्याला काय सांगितले असते, या प्रश्नावर पुस्तकात एक स्वतंत्र लेख आहे.

धोक्याबद्दल एवढेच. तळेगाव दाभाड्याचे सतीश शेट्टी जमिनींच्या व्यवहारांचे कागद मागत आणि स्वतःच्या नावाने मागत. १३ जानेवारी २०१० ला सकाळी फिरायला बाहेर पडलेले असताना त्यांची हत्या झाली. बाहेरचा माणूसही सुरक्षित नसतो. पुढे उभा करायचा तो एकटा नको, संस्था हवी, आणि अर्ज एकाच वेळी दोन-तीन जणांनी केलेले बरे. कागद एकदा न्यायालयाच्या दप्तरात पोचला, की माणूस मारून तो परत येत नाही, हे समोरच्याला जितक्या लवकर कळेल तितके चांगले.

पैशांबद्दल तरुण वकील विचारायला संकोचतात, म्हणून मीच सांगतो. या कामावर घर चालत नाही. रायगडात जमिनी आहेत, सातबारा आहे, फेरफारांच्या हरकती आहेत, भूसंपादनाच्या वाढीव मोबदल्याचे दावे आहेत. घर त्यांवर चालवा. त्याचा एक फायदाही आहे. जमिनीच्या कामाला येणाऱ्यांच्या गर्दीत तुमच्या जिन्यावर जागल्याही चढून येतो आणि कोणाच्या डोळ्यावर येत नाही.

लेख कोणत्या क्रमाने वाचावेत असे विचारणाऱ्यांसाठी: पुराव्यावरचे दोन आधी, मॅटवरचा नंतर, अंतुले खटल्यावरचा सावकाश, शक्य तर मूळ निकाल शेजारी ठेवून. पण पहिले पान उलटण्याआधी एक काम करा. तुमच्या आजोबांच्या नावावरच्या एखाद्या जमिनीच्या जुन्या फेरफाराच्या प्रमाणित नकलेसाठी तहसीलला अर्ज टाका. तो कोणत्या टेबलावर जातो, कोण ‘उद्या या’ म्हणतो, कोण न विचारता तिसरे कपाट दाखवतो, ते लिहून ठेवा. नक्कल हाती येईल तेव्हा तिच्यावर कोणाकोणाच्या सह्या आहेत आणि कोणती तारीख खोडून पुन्हा लिहिली आहे ते पाहा. पुस्तक तोवर मिटून राहिले तरी चालेल.